मोटर थांबतानाचे चार सेकंद

माझ्या सासऱ्यांच्या दुकानात मला खुर्ची होती. तिथली माझी सगळी कर्तबगारी या एका वाक्यात संपते. लोणीत रस्त्याच्या कडेला त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान. आत जळक्या तांब्याच्या तारांचे गुंते, व्हार्निशचा वास, पोट उघडं टाकून पडलेल्या मोटरी, आणि बसायला एक उलटा डबा. त्यावर ते स्वतः बसायचे. जावई म्हणून मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी शेजारच्या सलूनमधून प्लास्टिकची खुर्ची आणली, फडक्यानं पुसली आणि दाराशी ठेवली. ती पुढं परत गेलीच नाही. मी कशाला हात लावायला पुढं झालो की म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या पावणं, हात काळं व्हत्याल." पंधरा वर्षं मी त्या खुर्चीत बसून हात स्वच्छ ठेवले.

मी पिंपरी पेंढारचा. शिक्षण कॉम्प्युटरचं, नोकरी पुण्यातल्या कंपनीत, आणि अलीकडे काम गावातूनच. त्यामुळं सासुरवाडीत असा समज की विजेवर चालणारं सगळं मला येतं. सासूबाईंनी एकदा मिक्सर पुढ्यात ठेवला होता. मी त्याचे चार स्क्रू काढले आणि तीन बसवले. चौथा कुठं गेला हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. मिक्सर चालायचा, पण ओट्यावरून सरकत सरकत. एक हात त्याच्यावर ठेवूनच मामी चटणी वाटायच्या आणि मी जेवायला बसलो असलो की जरा जास्तच दाबून धरायच्या.

मामांची गोष्ट वेगळी. सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात, आणि सासूबाईंना मामी. मोटर दुकानात आली की ते आधी ती चालू करायचे, लांब दांड्याचा एक स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक मोटरच्या अंगाला लावायचे आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. मग स्टार्टरचं लाल बटन दाबायचे. मोटर थांबली की डोळे उघडून एक शब्द बोलायचे. "बेअरिंग." किंवा "वायंडिंग." किंवा "चालंल." चालंल म्हटलं की माणूस दुसरा प्रश्न न विचारता मोटर उचलून गाडीत टाकायचा. जवळची चार दुकानं ओलांडून लोक लोणीला यायचे ते या एका शब्दासाठी. तारा काय, कुणीही गुंडाळतं.

मग एका वर्षी मी पाहिलं की ते स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावत नाहीत, दातात धरतात. मला वाटलं, दुसरा हात मोकळा राहावा म्हणून असेल. मी त्यावर विनोदही केला. मामा, मोटर चावून बघता का, असं काहीतरी. ते हसले. माझ्या विनोदाला ते नेहमीच हसायचे, जावयाचा विनोद होता तो. त्या वेळी त्यांना तो ऐकूच आला नसावा, हे मला फार नंतर सुचलं.

खरं काय ते पुढच्या एका मुक्कामात मामींनी सांगितलं. गावातल्याच एकाची मोटर मामांनी चालंल म्हणून दिली आणि ती आठवड्यात विहिरीवर जाम होऊन जळाली. तो माणूस भांडला नाही. मोटर दुकानात ठेवली, चहा घेतला आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, मामी म्हणाल्या. मामा दोन दिवस जेवले नाहीत. कानाचं मशीन आणलं होतं, त्यात वारा आणि मामींच्या बांगड्या ऐकू यायच्या, बेअरिंग नाही. ते मशीन आता देव्हाऱ्याशेजारच्या डबीत होतं. फोन तर त्यांनी केव्हाच मामींच्या हवाली केला होता. लेकी सासरी, पुतण्यानं चाकणला कंपनी धरलेली. त्यांच्यामागं ऐकणारं कुणी नव्हतं, आणि आता ते स्वतःही नव्हते.

त्याच मुक्कामात मामांनी मला विचारलं. दुकानात दोघंच होतो. तोंड मोटरकडं ठेवून म्हणाले, "पावणं, तुमच्या कंपुटरला ऐकता येतं का?"

मी म्हणालो, येतं की. जावयाच्या तोंडून नाही कसं निघणार?

तसं ते खोटं नव्हतं. आवाजातून आकडे काढणारी सॉफ्टवेअरची लायब्ररी असते. कुणी कुणी मिळून लिहिलेली, फुकट, जगाला खुली. आवाजाचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचे आकडे काढायचे: किती जाड, किती किरटा, किती खरखरीत. असे शेकडो मोटरींचे आकडे जमले आणि प्रत्येकीसमोर मामांचा शब्द लिहिला की पुढं मशीनलाच तो शब्द सुचायला लागतो. हे सगळं मी त्यांना मोठ्यानं, हातवारे करून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् वास?" वास नाही घेता येत, मी म्हणालो. "मंग निम्मंच काम," ते म्हणाले, पण खूश दिसले. निम्म्यासाठीसुद्धा.

दुकानात कायमचा ठेवता येईल असा तळहाताएवढा एक बोर्ड मी आणला. त्याच्यासाठी ती लायब्ररी तयार मिळत नव्हती. मूळ कोड उतरवून घेऊन जागेवरच बांधायची होती. बांधायची म्हणजे एक आज्ञा द्यायची आणि पडद्यावरून ओळी सरकताना बघत बसायचं. मामींच्या ओसरीवर मी ते मांडलं. पहिली ओळ आली की अमुक दुसरी लायब्ररी नाही. ती आणली तर तिला तिसरी हवी. तिसरी आणली तर ती इतकी नवीन की पहिलीला ओळख देईना. मामी दर तासाला चहा ठेवायच्या आणि झालं का विचारायच्या. मी म्हणायचो, शिजतंय. चौथ्या दिवशी सत्त्याऐंशी टक्क्यांवर येऊन बोर्डाची मेमरी संपली आणि सगळं जागच्या जागी मेलं. मामी म्हणाल्या, इतक्यात हरभरासुद्धा शिजला असता.

शेवटी बांधून झालं. बांधल्यावर तिच्याच शेकडो चाचण्या असतात. त्या चालवल्या की कळतं, सगळं ठीक बसलंय का. त्याला आणखी अर्धा दिवस लागणार होता. मी चाचण्या नकोत असा पर्याय निवडला. मग ती बसवली, तीही दोन ठिकाणी, कारण पहिल्यांदा कुठं बसवली ते विसरलो होतो. पुढचे तीन दिवस मी नवीन लायब्ररीच्या सेटिंग बदलत होतो आणि उत्तरं जुनी देत होती. हे लक्षात आलं तेव्हा ओसरीवर कुणी नव्हतं, त्यामुळं इज्जत वाचली. इंटरनेटवरच्या चार नमुना आवाजांवर शिकवून पहिली परीक्षा मामींच्या मिक्सरची घेतली. मशीन म्हणालं, बेअरिंग. मामी पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग हसू थांबवून म्हणाल्या, "मिक्सरचं ऱ्हाऊ द्या. ह्यांचं तेवढं करा."

त्या हिवाळ्यापासून मी दर शनिवारी लोणीला जायला लागलो. दिवसा थ्री फेज असेल तेव्हा मोटरी चालवून बघायच्या. मी खुर्चीत, हातात फोन. पहिल्या दिवशी सात मोटरी झाल्या आणि सातही फायलींत मामांचं बोलणं मध्ये आलं. "हां. बघा आता. जाऊ द्या तिला. झाली. बेअरिंग हाये." मी त्यांना समजावलं की रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही, आकडे बिघडतात. त्यांनी मान डोलावली. त्या सात फायली खराब म्हणून मी तिथल्या तिथं उडवल्या.

त्यानंतर त्यांनी कधी चूक केली नाही. हिरवं बटन, मोटर चालू, मी फोन धरलेला. लाल बटन दाबलं की मीही माझं बटन दाबायचो. मोटर बंद केली म्हणजे आवाज संपला, पुढचं कशाला साठवायचं? मी माझ्या शिस्तीवर खूश होतो. मामा मात्र डोळे मिटूनच असायचे. दातात मूठ, तळहात मोटरवर. चार सेकंद, कधी पाच. मग डोळे उघडून माझ्या फोनकडं बघायचे आणि विचारायचे, "मशीन बंद झालं का, पावणं?" मी हो म्हटल्यावरच तो एक शब्द. तो मी वहीत लिहायचो. वहीचं काम मी इतकं नेटकं केलं की कंपनीत कधी केलं नसेल.

होळीपर्यंत दोनशेवर मोटरी झाल्या. मी मशीनला शिकवलं आणि परीक्षा घेतली. शंभरात सत्त्याण्णव बरोबर. घरात पेढे वाटले. ज्या मोटरींवर शिकवणी घेतली त्याच मोटरी मी परीक्षेत विचारल्या होत्या. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. माझा धंदाच तो आहे. पण मामांनी तो सत्त्याण्णवचा आकडा मामींना सांगितला, सलूनवाल्याला सांगितला, दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितला. "आमच्या पावण्यांनी माझा कान त्या डबीत घातलाय," म्हणायचे. तो आकडा परत तपासायचं धाडस मला नंतर झालं नाही, आणि तशी गरजही वाटली नाही.

चैत्रात घाटघरचे दोघं जीपमध्ये मोटर घालून आले. नाणेघाटाच्या तोंडचं गाव ते, तिथून लोणी म्हणजे अख्खा जुन्नर तालुका आडवा कापून यायचं. गावच्या नळाची मोटर होती. सगळ्या गावाला पाणी चढवणारी तीच एक, आणि विहीर तळाला चाललेली. आवाज करते, एवढंच त्यांचं म्हणणं. मामांनी ती जोडली, चालू केली, मूठ दातात धरली. मी फोन धरला. बंद. मामा बराच वेळ डोळे मिटून राहिले, नेहमीपेक्षा जास्त. तोवर बोर्डाच्या पडद्यावर शब्द आला होता: चालेल.

त्यांनी डोळे उघडले आणि पडद्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, हे मी आज शपथेवर सांगेन. तेव्हा मी पडद्याकडं बोट दाखवलं आणि हसलो.

"चालंल," मामा म्हणाले.

सहाव्या दिवशी मामींना फोन आला. मोटर जाम. पलीकडचा माणूस रागावला नव्हता. गाडी मिळाली की परत आणतो, तोवर बाया डोक्यावर आणत्याल, असं म्हणाला. मामांनी ते मामींच्या ओठांवरून वाचलं. बेअरिंग, ते ओढून काढायचा पुलर, हातोडी पिशवीत भरली आणि मला म्हणाले की गाडी काढा, आपुन जायचं.

घाटघरला त्यांनी विहिरीवरच मोटर खोलली. मी पाने हातात द्यायचं काम मागितलं. या वेळी ते नको म्हणाले नाहीत. मला त्याचा आनंद व्हायला लागला होता, इतक्यात समोरच्या चढावर बाया दिसल्या. खालच्या झऱ्यावरून हंडे घेऊन वर येत होत्या, एकीमागं एक. त्यांत एक म्हातारी होती. ती प्रत्येक वळणावर थांबायची, पण हंडा उतरवायची नाही. उतरवला तर परत चढवायला कोण येणार, म्हणून असेल. मामांनी एकदा मान वर करून पाहिलं, मग मोटर पूर्ण होईपर्यंत वर पाहिलं नाही.

काम झालं तशी तिथल्या एका घरी नेऊन त्यांनी आम्हाला घोंगडीवर बसवलं. पाहुण्यापुढं पहिल्यांदा पाणी येतं, तसा तांब्या आला. मामांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि तसेच बसून राहिले. नाकारावं तर घरच्यांचा अपमान, आणि पाणी कुठून आलंय ते आत्ताच पाहिलेलं. त्यांनी तांब्या ओठांना लावला, घोट न घेता खाली केला आणि माझ्याकडं सरकवला. उन्हानं माझा घसा सुकला होता. मी तो तांब्या एका दमात रिकामा केला. पुसून खाली ठेवला तेव्हा लक्षात आलं की घरातली बाई आणि मामा दोघंही माझ्याकडं बघत आहेत. दुसरा तांब्या भरायला ती आत वळली. मी नको नको म्हणालो, पण उशीर झाला होता.

परतीला आम्ही जुन्नर ओलांडलं. मीच विषय काढला. म्हणालो, आणखी मोटरी हव्यात, फोनच्या जागी चांगला माईक हवा, लायब्ररीची नवी आवृत्ती आलीय. गाडी चालवताना ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळं ते सगळं भाषणासारखं झालं.

"पावणं," मामा म्हणाले, "तुमी बटन दाबायचा ना, खरं ऐकाया तितनं लागायचं."

मी गाडी बाजूला घेतली.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. करंट चालू असतो तोवर मोटर करंटचं गाणं म्हणते, त्यात बाकी सगळं झाकतं. बटन बंद केलं की करंट जातो, मोटर मात्र आपल्या जोरावर फिरत राहते. चार सेकंद. तेवढ्यात ती मोकळी असते, तेव्हाच बेअरिंग बोलतं. आधीचा आवाज ऐकायचा तो नुसता तिचा ताल समजावा म्हणून. माझ्या दोनशे फायलींत ते चार सेकंद एकदाही नव्हते. पार निकामी झालेली बेअरिंगं तेवढी करंटच्या गाण्यावरून ऐकू आली होती, नुकती बिघडायला लागलेली एकही नाही.

"त्या दिवशी दातात लागलं व्हतं मला," ते म्हणाले. "पन मशीन नाय म्हणलं. म्हणलं, आपलाच कान गेलाय."

मी विचारलं की मामा, तुम्ही इतके शनिवार बघत होता, सांगितलं का नाही?

ते काचेतून पुढं बघत राहिले. "पावण्याला कसं सांगायचं?" म्हणाले. "तुमी एवढं शिकल्यालं. म्हणलं, मशीनला तेवढं पुरत आसंल."

पंधरा वर्षं खुर्चीत बसवून घेतल्याची ती किंमत होती, आणि ती मोजली घाटघरच्या म्हातारीनं. मामांनीच मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. काळा हात, ग्रीसचा. पँटवर पाच बोटं उमटली. म्हणाले, पावसाळ्यात मोटरी येत नाहीत, दसऱ्यानंतर परत पहिल्यापासून घेऊ. या वेळी ते बोट वर करतील, मगच मी रेकॉर्डिंग बंद करायचं. मी हो म्हणालो. घरी गेल्यावर लायब्ररी पुसून पुन्हा बांधली, सगळ्या चाचण्यांसकट. अर्धा दिवस लागला. सगळ्या पास झाल्या.

मामा नवरात्रात गेले. सकाळी दुकान उघडायला म्हणून निघाले, ओसरीच्या पायरीवर छाती धरून बसले आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच संपले. मधल्या पावसाळ्यात त्यांनी एकही मोटर ऐकली नव्हती. कुणी घेऊन आलंच तर ते वायंडिंग करून द्यायचे आणि बाकीचं दुसरीकडं दाखवा म्हणायचे.

तेराव्यानंतर बायको म्हणाली, "अहो, तुमच्या त्या रेकॉर्डिंगमधे आप्पांचा आवाज असेल ना. मला तेवढा काढून द्या." लग्नाच्या व्हिडिओत ते आहेत, पण त्यावर व्हिडिओवाल्यानं सनई टाकलीय. मी तिला म्हणालो, देतो. जावयाचीच जीभ ती, अजून नाही म्हणायला शिकली नव्हती.

दोन दिवस मी दोनशे फायली ऐकल्या. एकूण एक. कानांना काही कळेना तेव्हा लायब्ररीला कामाला लावलं. माणसाचा आवाज शोधणं तिच्यासाठी सोपं असतं, मोटरीपेक्षा कितीतरी सोपं. तिनं सगळ्या फायली काही मिनिटांत चाळल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं: शून्य. या वेळी तिचं बरोबर होतं. मामांनी माझं म्हणणं तंतोतंत पाळलं होतं. मशीन बंद झाल्याशिवाय ते एक शब्दही बोलले नव्हते. आणि पहिल्या दिवशीच्या सात फायली, ज्यांत ते मोटरशी आणि माझ्याशी एका सुरात बोलले होते, त्या मी स्वतःच्या बोटानं उडवलेल्या.

बायकोला मी वही दिली. दोनशे ओळी, प्रत्येकीत त्यांचा एक शब्द, अक्षर माझं. ती बराच वेळ चाळत बसली. मग म्हणाली की हे तर सगळं शुद्ध लिहिलंय तुम्ही. ते 'चालेल' कुठं म्हणायचे.

तो लांब स्क्रू ड्रायव्हर मामींनी मला दिला. मुठीवर त्यांच्या दातांच्या खुणा आहेत, दोन वर, दोन खाली. परवा पिंपरी पेंढारला आमच्या विहिरीवरच्या चालू मोटरला मी तो लावला. बायकोला स्टार्टरपाशी उभं केलं. मूठ दातात धरायचा धीर झाला नाही, कानामागं टेकवली आणि डोळे मिटले. तिनं लाल बटन दाबलं. करंट गेला आणि मागं काहीतरी बारीक, कोरडं, फिरत राहिलं. मग हळू झालं, मग उरलं नाही.

"काय म्हणते?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, परत चालू कर.